तिकिटावरचा प्याला

बुधवार पेठेत मन्सूर पितळी ठसे कोरायचा. उलटी अक्षरं वाचण्यात त्याची हयात गेली होती, पण त्या परदेशी पोस्टाच्या तिकिटावरची सुलटी अक्षरं काही केल्या त्याला उलगडेनात.

तिकीट ज्या पार्सलावर होतं ते आलं त्याच्या अम्मीच्या नावानं, आणि अम्मी तर केव्हाच अल्लाघरी गेली होती. आत चौकड्यांची एक रेशमी लुंगी. चिठ्ठीचपाटी काही नाही. पाठवणाऱ्याचं नावगाव भिजून पुसलेलं. थोरली बहीण कमरजहां आपा कापड हातात घेऊन मटकन खाली बसली.

"नासिरनं पाठवलंय," ती म्हणाली. "पत्त्यात बघ, 'ठसेवाली गल्ली' लिहिलंय. आपल्या बोळाला तसं दुसरं कोण म्हणायचं?"

नासिर मधला भाऊ. एका ईदेला अब्बांना त्याच्या तोंडाला दारूचा वास आला, आणि त्यांनी भर मोहल्ल्यात त्याच्या कानाखाली आवाज काढला. मी घेतली नाही, असं तो शपथेवर सांगत होता. कुणी ऐकलं नाही. मुंबईला जाऊन तो जहाजावर चढला तो चढलाच.

मन्सूरनं भिंग लावलं. तिकिटाच्या मध्यभागी कसल्याशा धान्याची पेंढी होती. इंग्रजी अक्षरं शिक्क्याच्या शाईत बुडाली होती, पण एका बाजूला उर्दूसारखी तीन अक्षरं स्वच्छ दिसत होती.

"कदह," तो पुटपुटला.

"म्हणजे प्याला!" आपाचा चेहरा उतरला. "दारूचा प्याला. इतक्या वर्षांनीही टोचतोच आहे मेला."

"अगं आपा, तिकीट सरकार छापतं. नासिर कसा छापेल?"

"निवडून तर त्यानंच लावलं ना?"

मन्सूरनं पुन्हा भिंग लावलं. लिहायचं प्याला आणि काढायची पेंढी, ही कुठली रीत? कोरणारा चुकला म्हणावं, तर अक्षरांची वळणं चांगली सराईत होती. मग हा टोमणा? की इतक्या उशिरा दिलेली कबुली? त्यानं तिकीट कापून डबीत घातलं आणि दुकानात नेलं. कामात लक्ष लागेना. एका वकिलाच्या शिक्क्यात त्यानं 'व'चा 'ब' करून ठेवला.

मांजरी गावचे आप्पासाहेब गुळाच्या ढेपांवर उठवायचा ठसा न्यायला आले, तेव्हा त्यानं पार्सलाची हकिगत सांगून त्यांच्या हाती भिंग दिलं.

"गहू न्हाई ह्यो," आप्पासाहेब म्हणाले. "लोंब्या बघा कशा खाली वाकल्यात. भात हाय. पर भाताच्या मुलखातनं तुमाला लुंगी कशापायी धाडली?"

मन्सूर आणखीच गोंधळला. शेवटी तो शेजारच्या गोपाळकृष्णाकडे गेला. जुन्या पुस्तकांबरोबर तो शौकिनांना तिकिटंही विकायचा.

"तुम्हाला उर्दू वाचता आलं, तिथंच घोटाळा झाला," तिकिटावरून मान वर न करता गोपाळकृष्ण म्हणाला. "ते कदह नाही, केडाह. मलायातलं संस्थान. तिकडची भाषाही याच लिपीत लिहितात. भात पिकतो, म्हणून पेंढी. आपली संस्थानं बुडाली, त्यांची अजून तिकिटं छापताहेत. प्याल्याबियाल्याचा संबंध नाही."

मन्सूर जवळजवळ धावतच घरी आला. आपाच्या मनावरचं ओझं उतरेल असं त्याला वाटलं होतं. पण सगळं ऐकून तिनं लुंगीची घडी मांडीवर ओढून घेतली.

"म्हणजे त्यानं काहीच लिहिलं नाही?"

"नाही."

"टोमणासुद्धा नाही?" तिचे डोळे भरून आले. "आणि मी आपली इतके दिवस मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते रे."

ही बातमी चांगली की वाईट, तेच मन्सूरला कळेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी आपानं घरच्या शेवया आणि कैरीचं लोणचं नीट बांधून दिलं. मन्सूरनं वर इंग्रजीत आणि उर्दूत लिहिलं: नासिर पुणेवाला, केडाह, मलाया.

पोस्टातल्या कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "अहो, हा पत्ता आहे की अंदाज?"

"आमच्याकडे एवढंच आहे," मन्सूर म्हणाला.

उत्तर आलं नाही. पार्सल परतही आलं नाही. पोचलं म्हणूनच परत आलं नाही, असं आपा शेजारणींना ठासून सांगायची. मन्सूरला ते कधी पटायचं. कधी वाटायचं, कुठल्यातरी बंदरावर कुणा भलत्यानंच त्या शेवया रांधून खाल्ल्या असतील.