चिंचेच्या टोकाची हॉकी

सर्जेकोटच्या गंगाराम तांडेलाने जाळ्याची सुटलेली दोरी लेकीच्या हॉकीने ओढली आणि हॉकी मोडली. उर्वशीने किनाऱ्यावर सराव करून ती होडीतच ठेवली होती. दोरी ओढायची आकडी हाताला लागेना, दोरी पाण्यात चाललेली. टोकाला वाकडी असलेली वस्तू ओढण्यासाठीच असते, असं दर्यावर जन्म काढलेल्या माणसाला वाटलं तर त्याला काय बोलणार?

उर्वशीही काही बोलली नाही. तेच वाईट होतं. रविवारी ओरोसला जिल्ह्याच्या संघाची निवड होती आणि तिथे प्रत्येकीला आपापली हॉकी लागणार होती. ही साधी लाकडी नव्हे, कॉम्पोझिट, म्हणजे फायबरची. शाळेच्या सरांनी मुंबईच्या एका जुन्या खेळाडूकडून खास तिच्यासाठी आणलेली. पोरगी पानावर बसायची आणि न जेवता उठायची. गंगारामला ते बघवत नव्हतं.

शेवटी त्याने हॉकी मांडीवर घेतली. फायबरचं काम त्याला परकं नव्हतं. होडीला भेग पडली की रेझिन आणि काचेच्या धाग्यांचं कापड घेऊन तो स्वतःच बसे. मोडलेलं टोक त्याने करवतीने साफ कापलं, तर दांडा आतून पोकळ निघाला. मग कट्टा गावच्या मेव्हण्याकडून तो चिंचेची जन्मतःच वाकलेली, वाळलेली फांदी घेऊन आला. सुताराला वाकडं लाकूड नकोसं असतं, होडीवाल्याला तेच हवं असतं. फांदीच्या एका टोकाला खुंटी काढली, ती रेझिन लावून दांड्यात ठोकली, वरून कापडाचे वेढे दिले. सुकल्यावर मोठ्या ऐटीत त्याने ती लेकीपुढे धरली.

उर्वशीने हॉकी उलटसुलट करून पाहिली आणि ती मोडल्यापासून पहिल्यांदाच बापाशी बोलली.

“बाबानू, ही हॉकी आसा, वल्ह्याची पात न्हय. एकच बाजू सपाट व्हयी, दुसरी गोल. सपाट बाजूनच मारूक मिळता.”

गंगारामने दोन्ही बाजू छान सपाट केल्या होत्या. त्याला राग आला, पण रागावायचा हक्क आपण त्या दोरीपायीच पाण्यात सोडलाय, हे त्याला कळत होतं. त्याने रंधा उचलला.

मग उर्वशी समोर येऊन बसली. तो तासायचा, ती ओल्या वाळूवर चेंडू मारून यायची आणि जड म्हणून परत द्यायची. आणखी तासलं तर मोडेल, असं तो म्हणायचा; मोडायची ती तुमीच मोडलात, असं ती सुनावायची. बाजारातून मासे विकून आलेल्या उर्वशीच्या आईने, चंद्रावतीने, बापलेकीचं हे भांडण ऐकलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

रविवारी ओरोसला पंचांनी हॉकी पाहून भुवया उंचावल्या. हॉकीची जाडी तपासायचं नियमाचं लोखंडी कडं त्यांनी दांड्यावरून खाली सरकवलं आणि ते नेमकं सांध्यावर अडकलं. कडं पार गेलं नाही तर हॉकी बाद. उर्वशीचं तोंड उतरलं. गंगाराम मात्र मैदानाभोवतीची दोरी ओलांडून थेट आत गेला आणि त्याने खिशातून पॉलिशपेपर काढला. दर्यावर जाणारा माणूस दुरुस्तीचं सामान घरी ठेवून निघत नाही. पंच नको नको म्हणत असतानाच तो उकिडवा बसून घासायला लागला. कडं पुन्हा घातलं, तेव्हा ते घसरत खाली आलं आणि टोकावरून सुटून पंचांच्या पायावर पडलं.

खेळ सुरू झाला. पहिल्या फटक्याला गंगारामने डोळेच मिटून घेतले. खणखणीत आवाज आला, हॉकी शाबूत होती. मग त्याने डोळे मिटले नाहीत. उर्वशी दोघींना चकवून गोलापुढे आली, चिंचेचं टोक चेंडूवर बसलं आणि गोलकीपर हलायच्या आत गोलातली फळी वाजली. थोड्या वेळाने पुन्हा वाजली. गंगाराम इतका ओरडला की शेजारचे लोक बाजूला सरकून उभे राहिले.

संध्याकाळी लाऊडस्पीकरवर निवडलेल्या मुलींची नावं वाचायला सुरुवात झाली.

“उर्वशी गंगाराम तांडेल.”

जिल्ह्याच्या मैदानावर लेकीच्या नावामागे आपलंही नाव मोठ्याने वाचलं जाईल, याचा विचारच त्याने केला नव्हता. त्याला रडू फुटलं. उर्वशी मैदानातून धावत त्याच्याकडेच येत होती.

“बाबानू,” ती धापा टाकत म्हणाली, “ऐकलास मा? दोघांचाय नाव घेतल्यानी.”