मी तळ्याची, नवऱ्याची नव्हे

मी लून बोलतेय, तळ्यात बुड्या मारून मासे धरणारी पाणपक्षीण. काळं डोकं, लाल डोळे, पाठीवर पांढरे ठिपके. मिनेसोटाच्या उत्तरेला टॅमरॅक तळ्यावर माझा संसार आहे. जमिनीवर मला धड चालता येत नाही, म्हणून बिचारी समजू नका. पाण्यात माझ्या वाटेला सहसा कोणी जात नाही.

आमची मोजदाद करायला इथली हौशी मंडळी येतात. पगार नाही, डास मात्र त्यांना फोडून काढतात, तरी गळ्यात दुर्बीण अडकवून येतातच. एका उन्हाळ्यात त्यांनी मला नि माझ्या जोडीदाराला जाळ्यात धरलं आणि आमच्या पायांत रंगीत कडी घातली. मी एकाचा अंगठा फोडला, त्याचं मला आजही समाधान आहे. कड्यांमुळे आम्ही ओळखू यायला लागलो आणि या लोकांनी परस्पर आमचं लग्नच लावून टाकलं! धक्क्यावर पाटी लागली: ‘आमच्या तळ्याची एकनिष्ठ जोडी’.

यंदाच्या वसंतात एक दांडगा नर आला. त्याने माझ्या जोडीदाराला बदडून पिटाळलं. मी बाजूला राहून बघत होते. जो जिंकला त्याच्याशी संसार मांडला, दोन अंडी घातली. मला हे तळं सोडायचं नव्हतं. त्यात लाजायचं काय?

नव्याच्या पायात कडी नाहीत, हे मोजणीला येणाऱ्या व्हर्नाने दुर्बिणीतून पाहिलं आणि सगळ्यांना सांगितलं. तिचा दीर ऑर्व्हिल भडकला. तसा तो आधीपासूनच धुमसत होता. भाऊ जाऊन फार दिवस झाले नाहीत, आणि वहिनी गळ विकणाऱ्या वॉल्टबरोबर जेवायला जाते, हे त्याला खुपत होतं.

एका सकाळी तो मोटरबोट घेऊन नव्याला हुसकायला निघाला आणि थेट माझ्या घरट्याशी आला. मी पाण्यात घसरले, पाण्यावर उभी राहून पंख आपटत ओरडले. त्या शिव्या होत्या. त्याला वाटलं, मी त्याचे आभार मानतेय! तेवढ्यात डोमकावळ्याने माझं एक अंडं उचललं.

व्हर्नाने आपली होडी मध्ये घातली.

“ऑर्व्हिल, मागे फिर!”

“वहिनी, तो हिचा नवरा नाही!”

“तिने येऊन सांगितलं तुला?”

“अगं, पाटी लावलीय आपण! लोक काय म्हणतील?”

“पाटी तू लावलीस, अंडं तिचं गेलं. आणि हे वॉल्टवरून चाललं असेल ना, तर माझ्या तोंडावर बोल. या पाखराच्या जिवावर नको.”

ऑर्व्हिलने घरट्यात उरलेल्या अंड्याकडे पाहिलं. मग इंजिन बंद केलं आणि वल्हं मारत निघून गेला.

त्या अंड्यातून पिल्लू निघालं. गेलेल्या अंड्याचं दुःख मला आहेच, आणि त्याबद्दल मी कोणाला माफ केलेलं नाही. आम्हाला मोजा, खुशाल मोजा. पण तुमची व्रतं आमच्या गळ्यात बांधू नका.

परवा साऱ्या तळ्यांवर मोजणी झाली. व्हर्नाच्या होडीत पुढे वॉल्ट बसला होता, सगळ्या गावादेखत. ऑर्व्हिल धक्क्यावरून बघत होता. मी पिल्लाला नि नव्याला बरोबर घेऊन त्या होडीच्या अगदी जवळून गेले.

बघू दे.