गाडीतूनच सॉरी

माझ्या नवऱ्याच्या तोंडात सॉरी हा शब्द सुपारीसारखा घोळत असतो. कुणाला धक्का लागला, सॉरी. फोन उचलायला उशीर झाला, सॉरी. त्यात त्याच्या खिशातलं काय जातं, असं मी नेहमी म्हणते.

काल गव्हाण गावाजवळ गाडी मागे घेताना त्याने एका म्हातारीला पाडलं. इनॉकने काच खाली केली, सॉरी म्हणाला आणि गाडी पनवेलच्या दिशेने पळवली. का, तर सूर्य बुडायच्या आत घर गाठायचं होतं, आम्हा ज्यू लोकांचा किपूरचा उपास लागणार होता. पापं माफ करून घ्यायच्या घाईत माणसाने हे करावं! आरशात ती उठलेली दिसली नाही, हे त्याने मला दार लावून घेतल्यावर सांगितलं.

आमची जुनी माणसं ह्याला दार लावायचा सण म्हणत. अन्नपाणी नाही, फोन नाही, बाहेरच्यांशी बोलणं नाही. दरवर्षी आम्ही सिनेगॉगमध्ये जातो. आज इनॉक पांढरे कपडे घालून घरातच कोपऱ्यात बसून राहिला. म्हातारी आहे की गेली, कळायला मार्ग नव्हता. मला त्याची कीव येत होती आणि संतापही. देवाशी चुकलात तर देव माफ करतो, माणसाशी चुकलात तर त्या माणसाकडेच जावं लागतं, हे आमच्यात पोराटोरांनाही पाठ असतं.

दुपारी खाली गाडी थांबली. "नंबर ह्योच हाय," आमच्या गाडीपाशी कोणीतरी म्हणालं. जिन्यात पावलं वाजली आणि दारावर थाप पडली.

"उघडू नकोस, आदिना," इनॉक पुटपुटला. "ती गेली असणार. मला सोडणार नाहीत."

पुन्हा थाप पडली. न कळण्याची भीती मला आणखी सोसवेना. मी कडी काढली.

दोन दांडग्या पोरांच्या मध्ये म्हातारी उभी होती, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. मला रडूच आलं. इनॉक पुढे झाला. सवयीने तोंड उघडलं, पण तो शब्द काही बाहेर पडेना. शेवटी तो खाली वाकला.

"मावशी, मला माफ करा."

"काल मी रस्त्यावं परलेली, तवा तू गारीतूनच बोललास," ती म्हणाली. "आता हात जुरू दे. मंग माज्या घरा ये. तवा बघीन."

पोरांना घेऊन ती हळूहळू जिना उतरून गेली.

संध्याकाळी उपास सुटला. इनॉक पाण्याचा पेला हातात धरून तसाच बसला होता.

"हाड जुळायला किती दिवस लागतात गं?" त्याने विचारलं.