वरच्या खोलीतला आवाज

मला सगळे 'ठिणगी' म्हणतात आणि त्यात कुणाची काही चूक नाही. मी गणवेश शिवते. दोरा गुंतला की मशीनशी भांडते. पण त्या दुपारी आमच्या राउटरला मी जे ऐकवलं, ते मशीननंही कधी ऐकलेलं नाही.

माझा नवरा पोहायला शिकवतो. तलावावर सगळे त्याला मास्तर म्हणतात, म्हणून घरीही तेच नाव चिकटलं. एका काठावरून तो 'पाय सरळ!' म्हणून ओरडला की समोरच्या काठावरची कबुतरं उडायची. हिवाळ्यात त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं. आता श्वास गळ्यावरच्या छिद्रातून जातो, त्यामुळे त्याची शिट्टीही खिळ्याला लटकून आहे. एक टाळी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. बाकी सगळं तो पाटीवर लिहितो.

आमचं दोघांचं पाटीवर भागत होतं, भांडणंसुद्धा होत होती. अडचण होती आईची. माझी आई गेल्या वर्षी आमच्याकडे राहायला आली. खालची खोली तिची, कारण गुडघे जिना चढू देत नाहीत. आली तेव्हा भिंगातून थोडं वाचायची, आता पाटीएवढं अक्षरही तिला दिसत नाही. म्हणजे जावयाला बोलता येत नाही आणि सासूला वाचता येत नाही. ऑपरेशनच्या आधी हीच दोघं रोज संध्याकाळी पत्ते कुटत बसायची आणि एकमेकांना लबाड ठरवायची. त्यांचा आरडाओरडा ऐकून शेजारी विचारायचे, सगळं ठीक आहे ना? ऑपरेशननंतर दोघं त्याच टेबलाशी गप्प बसायची. मला ते बघवत नसे.

शेवटी आईनं मावशीकडे कायमचं जायचं ठरवलं. म्हणाली, "आजारी माणसाच्या घरात माझं आणखी एक लोढणं कशाला?"

मी सांगून थकले. मास्तरनं पाटीवर लिहिलं, 'जाऊ नका.' मी ते वाचून दाखवलं, तर म्हणाली, "हे तू तुझ्या पदरचं सांगतेस." मास्तरनं तिच्यासमोर दोन टाळ्या वाजवल्या. त्यावर म्हणाली, "जावईबापू भिडस्त आहेत. ते बिचारे दुसरं काय करणार?" त्या दिवशी चहाच्या वेळेला मावशी गाडी घेऊन येणार होती. आईची बॅग दाराशी भरून तयार होती.

आमच्याकडे एकच उपाय उरला होता. ऑपरेशनच्या आधी मास्तरनं कित्येक दुपारी माइकसमोर बसून वाक्यं वाचली होती. त्यावरून एका बाईंनी कॉम्प्युटरवर त्याचा आवाज तयार केला होता. आवाज काय बरणीत भरून ठेवायची वस्तू आहे, असं मी तेव्हा म्हटलं होतं. त्याच दिवशी सकाळी बाईंनी लांबूनच तो आमच्या वरच्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर बसवून दिला. आता मास्तरनं आईसमोर बसायचं आणि तिच्या लॅपटॉपवर टाइप करायचं. ते शब्द घरच्या वायफायवरून वर जाणार आणि आवाज होऊन खाली येणार. आई त्या लॅपटॉपवर एरवी पुस्तकं ऐकते.

मास्तरनं टाइप केलं. लॅपटॉप ढिम्म. पडद्यावर आलं, 'कॉम्प्युटर सापडला नाही.'

मी राउटर बंद करून चालू केला. दोन्ही कॉम्प्युटर बंद करून चालू केले. वर जाऊन वायर काढून पुन्हा खोचली, खाली आले, पुन्हा वर गेले. राउटरचे हिरवे दिवे शहाण्यासारखे लुकलुकत होते. गंमत म्हणजे दोन्हीकडे इंटरनेट व्यवस्थित चालत होतं. आईच्या लॅपटॉपवर जगाच्या दुसऱ्या टोकाचं हवामान दिसत होतं, फक्त वरच्या खोलीतला कॉम्प्युटर तेवढा दिसत नव्हता.

"अरे, तू वर बसून टाइप कर, जो आवाज येईल तो मी फोनवर रेकॉर्ड करून आणते," मी म्हटलं.

दोन टाळ्या. मग पाटी. 'निरोप नाही द्यायचा. बोलायचंय.'

मी बाईंना फोन लावला. बाई शांत स्वभावाच्या, त्यामुळे मी आणखीच तडकले. त्यांनी आधी दोन्हीकडची सुरक्षाभिंत, म्हणजे फायरवॉल, तपासायला लावली. ती ठीक होती. मग लॅपटॉपवर एक काळी चौकट उघडायला सांगितली आणि वरच्या कॉम्प्युटरचा पत्ता टाकायला लावला.

"ही नुसती हाक आहे, ताई. तो चालू असेल तर ओ देईल."

मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली, पुन्हा उत्तर नाही. आई पलंगावर हात मांडीत घेऊन सगळं ऐकत होती. "जाऊ दे गं, कशाला जीव काढतेस त्याचा आणि तुझा," ती म्हणाली. मास्तर खाली मान घालून बसला होता. इतका खचलेला तो मला दवाखान्यातही दिसला नव्हता.

"आता खालच्या लॅपटॉपचा पत्ता वाचा," बाई म्हणाल्या.

मी आकडे वाचले. बाई म्हणाल्या, "वरच्याच्या पत्त्यात तिसऱ्या जागी एक आहे, ह्याच्यात पन्नास. ताई, हा लॅपटॉप तुमच्या घरच्या नेटवर्कवर नाहीच."

"अहो, माझ्या नाकासमोर आहे!"

"खोलीत असेल. पण तो पाहुण्यांच्या नेटवर्कवर आहे. त्यावरून बाहेरचं सगळं जग दिसतं, घरातलं काही दिसत नाही. पाहुण्यांनी घरातल्या कॉम्प्युटरमध्ये डोकावू नये म्हणून तशी सोय असते."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या वायफायची दोन नावं आहेत, 'घर' आणि 'पाहुणे'. पाहुण्यांचा पासवर्ड बुटांच्या कपाटावर कागदावर चिकटवलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला सोपं जावं म्हणून.

"आई, लॅपटॉप ह्या नेटवर्कला कुणी जोडला?"

"मीच. आले त्याच दिवशी. भिंग घेऊन दाराजवळच्या कागदावरून उतरवून घेतलं. मला जमतं तेवढं."

"पण पाहुण्यांचं का? घरचं का नाही?"

"मग?" आई म्हणाली. "मी काय घरची आहे?"

तक्रार नव्हती. कुणी वेळ विचारावी आणि तिनं सांगावी, तसं तिनं सांगितलं. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला आणि मला रडूच आलं. एक वर्ष माझी आई माझ्याच घरात ह्या पलंगावर पाहुणी म्हणून बसली होती.

मास्तरनं लॅपटॉप माझ्या हातात दिला. मी 'पाहुणे' काढून टाकलं, 'घर' निवडलं, पासवर्ड घातला. काळ्या चौकटीत पुन्हा हाक मारली. पापणी लवायच्या आत उत्तर आलं, त्यामागोमाग दुसरं, तिसरं. भिंतीत काही हललं नव्हतं, छत जागच्या जागी होतं आणि ह्या रिकाम्या हवेतून हाक वर जाऊन ओ घेऊन आली होती. माझ्या अंगावर काटा आला.

मास्तरनं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि टाइप केलं.

"आई."

तोच आवाज होता. किंचित घोगरा, शेवटी खाली उतरणारा. आईनं दचकून मान वर केली.

"आई, पत्त्यांत तुम्ही लबाडी करता. राजा शालीत लपवता. पाहुण्यांचं मी चालवून घेतलं असतं. तुमचं नाही चालवून घेणार. हिशोब बाकी आहे. जाऊ नका."

आई चाचपडत पुढे सरकली. तिचा हात आधी मास्तरच्या गुडघ्याला लागला, मग खांद्याला, मग तिनं तो हलकेच त्याच्या मानेवर ठेवला. तिथं काहीच थरथरत नव्हतं.

"पुन्हा बोला," ती म्हणाली.

"जाऊ नका, आई."

आईचा हात त्या गप्प मानेवर होता आणि आवाज खोलीभर होता. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टींना नावं ठेवली आहेत, पण त्या क्षणी हात जोडावेसे वाटले. बाईंना, मास्तरला की त्या लुकलुकणाऱ्या डबड्याला, ते मला आजही ठरवता येत नाही. फोन तसाच चालू होता आणि पलीकडून बाईंचं नाक ओढणं ऐकू येत होतं.

"राजा शालीत नव्हता," आई शेवटी म्हणाली. "उशीखाली होता."

मास्तर हसला. त्याच्या हसण्याला आता आवाज नाही, पण खांदे तसेच हलतात.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला आणि मावशीनं दारातूनच हाका मारायला सुरुवात केली, चला, आटपा, उन्हं उतरायच्या आत पोचायचंय. मी उठले. आईनं डोळे पुसले, शाल सारखी केली.

"ठिणगे, तिला आत बोलाव आणि चहा टाक," ती म्हणाली. "आणि वायफाय मागितलं तर सांग, पाहुण्यांचा पासवर्ड बुटांच्या कपाटावर आहे."