भुकेची वही

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट फार लांबलचक नाही, राजाराणीची तर नाहीच. एका आईची, तिच्या लेकीची आणि एका वहीची आहे. ऐका.

नर्सबाईंनी वही मिटली आणि टेबलावरून लेकीकडे परत सरकवली.

"सहा आठवड्यांत भुकेचा आकडा एकदाही चाराच्या वर गेला नाही तुमचा," त्या म्हणाल्या. "असं असेल तर या नव्या उपचाराच्या प्रयोगात घेता येणार नाही."

लेकीनं वही उचलून पर्समध्ये ठेवली, जणू काही प्रश्नच मिटला. या संशोधन केंद्रातल्या खुर्च्यांना हात नव्हते, अंगानं मोठं माणूस अडकू नये म्हणून. पहिल्या दिवशी ते पाहूनच ती आईच्या कानात म्हणाली होती, "इथल्या माणसांना कळतं गं." एकोणतीस वर्षांची, पाणीपुरवठा कचेरीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकणारी. आवाज गोड. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून घरात तिला चिमणी म्हणू लागले, आणि नाव तसंच राहिलं. वर्षाची व्हायच्या आतच तिचं अंग सुटलं. नाव मात्र कुणी बदललं नाही. गल्लीतल्या लोकांना तेवढीच करमणूक.

आईला राहवेना.

"अहो, आकड्यांचं काय एवढं? रक्तात दोष सापडलाय ना?"

"सापडलाय." हे डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या खिडकीपाशी उभ्या राहून अहवाल चाळत होत्या. "अंगातली चरबी मेंदूला निरोप धाडते, की साठा भरपूर आहे, आता पुरे. हिच्या एका जनुकात अक्षर चुकलंय. त्यामुळे तो निरोप जन्मापासून कधी निघालाच नाही. त्या जनुकाची बरोबर प्रत आम्ही एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर चढवून शरीरात सोडतो. एकदाच. लागू पडलं तर शरीर स्वतःच निरोप धाडायला लागतं."

"आणि नाही पडलं तर?"

"आतापर्यंत अकरा जणांना दिलंय. दोघांच्या यकृताला सूज आली. उतरली, पण आली. आणि एकदा दिलेलं परत काढून घेता येत नाही. म्हणून नियम कडक आहेत. ज्याला भूक छळतच नाही, त्याला हा धोका कशाला पत्करायला लावायचा? वहीत दिवसभर दर तासाला शून्य ते दहा लिहायचं असतं. सरासरी सातच्या वर हवी. हिची तीनसुद्धा नाही."

त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेक हसली.

"एक आठवडा आणखी देते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जेवण रोजचं तेवढंच. आकडे स्वतःच्या हातानं. खोडाखोड चालणार नाही. यानंतर मात्र जागा दुसऱ्याला जाईल."

परतताना लिफ्टचं दार उघडलं तर आत दोन माणसं होती. "या या, आम्ही जिन्यानं जातो, तेवढाच व्यायाम," एक म्हणाला. दुसरा हसायच्या आत लेक हसली. आईनं ते पाहिलं. नेहमी तीच आधी हसते, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

आईचं शिवणयंत्र खिडकीत होतं. लेकीचे सगळे कपडे तीच शिवायची. शिवणीत चार बोटं माया ठेवायची, म्हणजे उसवून सैल करता येतात. सोमवारी सकाळी तेच काम चाललं होतं. जेवणाच्या टेबलाशी नवी वही उघडी होती. पहिली चौकट, आठ वाजता.

"भूक किती गं?" आईनं मान वर न करता विचारलं.

"तीन."

आईचा पाय मशीनच्या पायडलवर थांबला. प्रश्न तिचाच होता, पण उत्तराचा सूर तिच्या कानाला ओळखीचा वाटला. चोवीस वर्षांपूर्वीचा. मावशीकडे पंगत बसलेली, समोर भरलं ताट, आणि ताटाखालून आईनं मुलीच्या मांडीला काढलेला चिमटा. 'पोट भरलं म्हण.' पोर म्हणाली. पुढे चिमट्याची गरज उरली नाही, डोळे पुरले. त्याही पुढे डोळ्यांचीसुद्धा नाही. पाहुणे म्हणायचे, एवढी अंगानं, पण कशी शहाणी! आई फुशारायची.

"लिहू नकोस अजून," ती म्हणाली. "इकडे ये. बस."

लेक येऊन पलंगाच्या कडेला बसली.

"मावशीकडे मी तुला चिमटा काढला होता. आठवतं?"

"कुठला? भरपूर काढलेस."

"हसू नकोस गं."

लेक हसायची थांबली. मशीनवरचा झगा एका बाजूनं घसरत खाली गेला, कुणी उचलला नाही.

"मी पुन्हा विचारते," आई म्हणाली. "तू काहीही सांगितलंस तरी मी जागची उठणार नाही. ओरडणार नाही. रडणारसुद्धा नाही."

"ते शेवटचं नाही जमायचं तुला."

"बघ तर."

लेकीनं बराच वेळ हातातल्या पेन्सिलीचं टोक नखानं कुरतडलं.

"नऊ," ती म्हणाली. मग एकदा सुरू झाल्यावर थांबेना. "जेवून उठते तेव्हा नऊ. ताटावर बसायच्या आधी दहा. फोनवर कुणी नळ गळतोय म्हणून ओरडत असतो तेव्हाही दहा. झोपेत असते, आई. मला वाटायचं, सगळ्यांना असतेच एवढी. फक्त बाकीचे धीराचे आहेत आणि मी नाही."

आईनं सुई उचलली. दोरा ओवायला गेली, दोनदा हुकला. सुई तिनं पुन्हा सुयांच्या उशीत खोचली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. शब्द दिला होता, तो पाळला. वहीत पहिला आकडा पडला, नऊ.

मग आठवडाभर तेच. सुट्टी टाकून लेक घरी. तास झाला की आई विचारायची आणि लेक सांगायची. नऊ. दहा. दहा. आईच्या हातात द्यायला काही नव्हतं. जेवण वाढवायचं नाही हा नियम. इतकी वर्षं भूक दडवलेली बरी वाटायची तिला. आता उघडी भूक रोज समोर बसून जेवत होती. शुक्रवारी चार वाजता मात्र लेक म्हणाली, "चार." आई चकित झाली. "खरंच?" "हो गं, आत्ता बरं वाटतंय." त्या तासाभरात मशीनवर बसून आईनं कितीतरी दिवसांनी एक अभंग गुणगुणला. देवानं एवढा एक तास तरी पोरीला मोकळं केलं, म्हणून.

नव्या आठवड्याच्या सोमवारी नर्सबाईंनी वही पानापानानं वाचली. शुक्रवारवर त्यांचं बोट थांबलं.

"हा एकच चार कसा?"

"तो खोटा आहे," लेक म्हणाली.

आईनं मान वळवली.

"सकाळपासून दहा-दहा ऐकून आईचं तोंड एवढंसं झालं होतं. म्हटलं, तासभर तरी तिला बरं वाटू दे." ती नर्सबाईंकडेच बघत बोलत होती. "खोडता येत असेल तर खोडा."

"खोडता येत नाही," नर्सबाई हळू म्हणाल्या. त्यांनी बेरीज केली, पुन्हा केली. "आणि गरजही नाही. सरासरी नऊच्या वर आहे. पात्र आहात तुम्ही. पुढच्या गुरुवारी, सकाळी नऊला, उपाशीपोटी यायचं. इथे साक्षीदाराची सही."

साक्षीदार म्हणून आईला पुढे बोलावलं. तिनं पेन हातात घेतलं. समोर शुक्रवारचं पान उघडं होतं. ते उलटावं असं तिला वाटलं नाही. त्याच पानावर, चाराच्या शेजारी, तिनं हळूहळू आपलं नाव लिहिलं. नर्सबाई म्हणाल्या, "आई, सही मागच्या पानावर हवी होती." आणि मग म्हणाल्या, "असू दे."

गुरुवारी सुई टोचली. गुण आला की नाही, ते कळायला वर्ष लागेल, असं डॉक्टरबाई म्हणतात. ते देवावर सोडू. चिमणीसाठी देवाकडे मागणारे आता पुष्कळ झालेत. तुम्ही हात जोडाल तेव्हा तिच्या आईची आठवण असू द्या. नाव ठाऊक नाही म्हणून अडायचं नाही. चिमणीची आई म्हटलं की वरच्याला कळतं.