उलट्या पिळाचं ड्रिल

चिखलीच्या बाजारात अविनाशचं हत्यारांचं दुकान आहे. तिथं इतकी हत्यारं आहेत की एकदा एक माणूस पाना घ्यायला आत शिरला आणि तिसऱ्या दिवशी दाढी वाढवून मागच्या गल्लीतून बाहेर निघाला. ही गोष्ट मी अकरा वर्षांपासून सांगतो आहे. सुरुवातीला तो त्याच दिवशी संध्याकाळी निघत असे.

दुकानाच्या दाराशी ग्रीसचा एक रिकामा डबा आहे, तो माझा. माझं नाव उकंडराव, वय अठ्ठ्याहत्तर. सकाळी दहाला मी डब्यावर बसतो आणि दुपारपर्यंत चार गावांच्या बातम्या माझ्याजवळ जमा होतात. संध्याकाळी त्या मी परत वाटतो, थोड्या फुगवून. पुढं जे सांगतो ते मात्र जसं झालं तसं आहे. एकाच ठिकाणी ताणलं आहे आणि ते ठिकाण शेवटी मीच दाखवीन.

काउंटरवर दोघं असतात. एक अविनाश, मालक. त्याला येत नाही असं उत्तर अजून जन्माला आलेलं नाही. गिऱ्हाईक अर्धं बोलतं न बोलतं तोच डबा काउंटरवर आलेला असतो, "हा घ्या, डोळे मिटून." दुसरा धम्मरत्न, जानेफळचा. आयटीआय करून सात वर्षांपूर्वी इथं लागला. त्याला काही विचारा, तो उलट तीन प्रश्न विचारतो, आणि पुष्कळदा शेवटी म्हणतो, "मले माईत नाई." लोक त्याच्या बाजूला फिरकत नाहीत. ज्याला माहीत नाही त्याला काउंटरवर उभं कशाला केलं, असं मीसुद्धा अविनाशला दोनदा म्हटलं होतं.

आमच्याकडच्या मिस्त्री लोकांची एक रीत आहे. दुकानात कामाचं नाव काढायचं नाही. हत्यार मागायचं, घ्यायचं, निघायचं. कामाचं नाव काढलं की काय बिघडलं ते कळतं, आणि कोणाच्या हातून बिघडलं तेही. अगदीच सांगायची वेळ आली तर काम शेजाऱ्याचं आहे म्हणायचं. चिखली तालुक्यात मोडलेला प्रत्येक बोल्ट आजवर शेजाऱ्याच्याच हातून मोडला आहे.

गेल्या सोयाबीनच्या हंगामातली गोष्ट. सकाळी मी डब्यावर बसतो न बसतो तोच अमडापूरची प्रतीक्षा दुकानात आली. तिचे वडील महादेवराव बस स्टँडजवळ वर्कशॉप चालवायचे. दोन वर्षांपासून त्यांचा हात कापतो, तेव्हापासून पाना तिनं धरला. पोरगी काय गिअरबॉक्स खोलते म्हणून हसणारे होते, आणि त्यात कोण कोण होतं ते मी सांगत नाही, कारण एक मी होतो. पहिलं मोठं काम तिच्याकडं यंदाच आलं होतं. हिंमतरावांचं मळणीयंत्र. गावात कापलेल्या सोयाबीनच्या सुड्या रचून ठेवलेल्या, आभाळ रोज भरून येत होतं, आणि हिंमतरावांनी चारचौघांत सांगून ठेवलं होतं की परवा दुपारपर्यंत यंत्र फिरलं नाही तर ते ट्रॉलीत घालून खामगावला नेईन. एवढी बातमी माझ्याजवळ आदल्या दिवशीच पोचली होती.

तिनं अविनाशला मोडका बोल्ट काढायचा सेट मागितला. आवाज असा की जणू अर्धा किलो साखर मागते आहे. मग घाईनं म्हणाली, शेजारच्या मिस्त्रीला पाहिजे.

अविनाशनं लाल डबा काढला. आत पाच एक्स्ट्रॅक्टर, उतरत्या जाडीचे, उलट्या आट्यांचे. मोडक्या बोल्टाला भोक पाडायचं, हा आत पिळायचा, बोल्ट फिरत बाहेर येतो, हे त्यानं तिला सांगितलं. कंपनी चांगली आहे, कधीच तक्रार नाही, हेही सांगितलं. तिनं पर्स उघडली.

पलीकडून धम्मरत्ननं विचारलं की बोल्ट कशात मोडला आहे, साध्या लोखंडात की बीडात, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंडात. ती म्हणाली, शेजाऱ्याला विचारावं लागेल. किती आत मोडला? तेही शेजाऱ्याला विचारावं लागेल. गंजून बसला होता की आवळताना तुटला? ती पर्समधल्या नोटा मोजायला लागली.

"मंग शेजाऱ्याले पुसून या, ताई," धम्मरत्न म्हणाला. "तवरक हा डबा नेऊ नका."

अविनाशनं त्याच्याकडं अशी नजर टाकली की काउंटरवरची काच तडकायची. गिऱ्हाईक घ्यायला तयार आहे, मालक द्यायला तयार आहे, आणि नोकर मध्ये आडवा पडला आहे. पण मी पाहत होतो प्रतीक्षाकडं. ती धम्मरत्नला काहीतरी सांगणार होती. ओठ हलले होते. मग तिनं मान वळवून दाराकडं पाहिलं, डब्यावर बसलेल्या माझ्याकडं, आणि ओठ मिटले.

तेव्हा मला समजलं. तिचा बोल्ट आणि योग्य सल्ला यांच्यामध्ये दुसरं कोणी नव्हतं, मी होतो. ती आता बोलली तर ते संध्याकाळपर्यंत अमडापुरात पोचेल, आणि माझ्या तोंडातून पोचेल म्हणजे एका बोल्टाचे चार होतील.

उठून निघून जावं असं वाटलं. पण मी गेलो असतो तर उरलेला दिवस तिनं मी कुठं गेलो याचीच काळजी केली असती. म्हणून मी तेच केलं जे मला येतं. गोष्ट सांगायला लागलो.

म्हटलं, मी एकतीस वर्षांचा होतो, कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात फिटर होतो. गिअरबॉक्सचा बोल्ट माझ्या हातून मोडला, मनगटाएवढा जाड. लाजेनं मी कोणाला बोललो नाही. दुकानात गेलो, शेजाऱ्याचा म्हणून सांगितलं, अन् हाच असा एक्स्ट्रॅक्टर घेऊन आलो. जोर लावला, तो आतच तुटला. एक्स्ट्रॅक्टर इतका कडक असतो की त्याच्यावर ड्रिल चालत नाही. मग छिन्नी मारली, तर गिअरबॉक्सचं बीडाचं घर एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत तडकलं. मी ती भेग पुट्टीनं भरली, वरून रंग मारला आणि गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी घर दुभंगलं. कोणाला लागलं नाही. पण जिनिंग हंगामभर बंद राहिलं आणि कापूस लोटणाऱ्या बावीस बाया घरी बसल्या. मी नोकरी सोडली. मॅनेजर माझ्यावर जळतो म्हणून सोडली, असं सगळ्यांना सांगितलं.

अविनाश हसला. म्हणाला, "आजा, ही नवीन काढली. मनगटाएवढा बोल्ट गिअरबॉक्सले कुठी असते?" दारातून जाणारा एकजण थांबला होता, तोही हसला. मीही हसलो, कारण तेवढंच उरलं होतं.

प्रतीक्षा हसली नाही. ती धम्मरत्नकडं वळली.

"शेजाऱ्याचा नाई," ती म्हणाली. "माह्याच हातून मोडला. खोलून राह्यली होती, अन् चुकून उलटा फिरवून आवळला."

बोलल्यावर ती दाराकडं पाहायचं विसरली. मग जे झालं ते चहा निवेपर्यंत चाललं. धम्मरत्ननं कागद घेतला, तिच्याकडून यंत्राच्या गिअरबॉक्सच्या घराचं चित्र काढून घेतलं. बीडाचं घर. दहाचा बोल्ट, म्हणजे करंगळीएवढा जाड, तोंडापासून काडीपेटीच्या काडीच्या गुलाएवढा आत. गंज नाही, पण आट्यात जुना चिकट मळ भरलेला. मशीन उलटी फिरते का, त्यानं विचारलं. तिच्या ड्रिल मशीनला उलटं फिरायचं बटण होतं, पण ते तिनं कधी दाबलं नव्हतं.

हे सगळं लिहून झाल्यावर तो पेन ठेवून म्हणाला, "इथपर्यंत मले समजते. पण तो मळ सुटायले बीडाले किती आच द्यावी ते मले माईत नाई. अंदाजानं सांगन अन् घर तडकन."

मी पन्नास वर्षं खोटं बोलण्यात घातली आहेत, त्यामुळं मला यातलं थोडं कळतं. खोटं बोलणाऱ्याजवळ उत्तर कधी संपत नाही. या डब्यावर बसून मला एकदाही 'माहीत नाही' म्हणायची पाळी आली नाही. कोणी भूकंप कसा होतो विचारलं तरी मी सांगितलं आहे. जो माणूस कुठं थांबायचं हे सांगतो, त्यानं त्याच्या आधी जे सांगितलं त्यावर पाय ठेवून उभं राहता येतं. हे मला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्याला काढून टाका असं मीच सुचवलं होतं त्याच्याकडून समजलं.

धम्मरत्ननं रोहिणखेडच्या भाऊरावांना फोन लावला. चाळीस वर्षं गिअरबॉक्स खोललेला माणूस, आता घरी असतो. प्रतीक्षानं स्वतः बोलून घेतलं. भाऊरावांनी आधी तिला रागावून घेतलं, मग सांगितलं. आच अजिबात देऊ नको, आटे साफ करायला डिझेल सोड आणि रात्रभर राहू दे. सकाळी बरोबर मध्यावर पंच मारून खूण कर. मग उलट्या पिळाचं ड्रिल लाव आणि मशीन उलटी, हळू फिरव. साधं ड्रिल बोल्टाला आणखी आत दाबतं, हे उलटं ड्रिल त्याला खोलायच्या दिशेनं ओढतं. भोक पाडता पाडताच बोल्ट पुष्कळदा सुटून येतो. नाही आला तर थांब, मला फोन कर, एक्स्ट्रॅक्टरला हात लावू नको.

उलट्या पिळाचं ड्रिल दुकानात आहे हे अविनाशलाही ठाऊक नव्हतं. धम्मरत्न आत गेला आणि धूळ बसलेली एक नळी घेऊन आला, ड्रिल त्या नळीत होतं. कधी कोणी मागितलंच नव्हतं. कसं मागतील? काय मोडलं ते सांगितल्याशिवाय ते मागताच येत नाही. प्रतीक्षानं ते ड्रिल आणि एक पंच घेतला. लाल डबा काउंटरवरच राहिला. अविनाशनं तो उचलून परत फळीवर ठेवला, आणि त्या दिवशी धम्मरत्नला दुसरा चहा विचारला नाही.

त्या संध्याकाळी मला अमडापूरचे तिघं भेटले. तिघांनीही प्रतीक्षाचं काय चाललंय विचारलं. मी म्हणालो, मले माईत नाई. जिभेला सवय नव्हती, अडखळली. तिघंही माझ्या तब्येतीची चौकशी करून गेले.

पाच दिवसांनी ती आली. हिंमतरावांचं यंत्र दुसऱ्या दिवशी अकरालाच फिरलं होतं आणि सुड्या एकामागून एक मळून होत होत्या. तिनं धम्मरत्नसमोर बोल्टाचा तुकडा ठेवला, आत ड्रिल रुतून बसलेलं. अर्धं भोक झालं आणि तुकडा आपसूक फिरत वर आला, असं ती सांगत होती. काउंटरवर उभ्या असलेल्या दोन अनोळखी मिस्त्रींनी तो हातात घेऊन पाहिला. त्यातला एक धम्मरत्नला म्हणाला की त्याचाही एक अडकला आहे. शेजाऱ्याचं नाव त्यानं काढलं नाही.

जाताना ती माझ्या डब्याजवळ उभी राहिली.

"आजा, ते जिनिंगचं खरं होतं का?"

मी म्हणालो, हाव.

"बावीस बाया?"

"बावीसच."

मग हातातला तुकडा तिनं माझ्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "अन् बोल्ट? मनगटाएवढा?"

मी तुकडा बोटात फिरवून पाहिला.

"दहाचा होता," मी म्हणालो. "तुह्याएवढाच."