बाकांशिवायचा रविवार

बोईसरच्या आमच्या प्रार्थनागृहातले बाक जमिनीला बोल्टने पक्के केलेले होते. ते काढले तर त्याच जागेत आठवडाभर शिवणवर्ग घेता येईल, मुलांना अभ्यासाला बसता येईल आणि मुख्य म्हणजे प्रदीपला आत येता येईल, असं इंद्रजीत पास्टरांचं म्हणणं. कारखान्यात पडल्यापासून प्रदीप व्हीलचेअरवर असतो. बाकांमधली वाट अरुंद, म्हणून तो दारातूनच प्रार्थना ऐकायचा. त्याची बायको दीपाली पुढे बायकांत बसायची.

इमारतींचे नकाशे काढणं हाच माझा व्यवसाय, म्हणून नव्या मांडणीचा नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं. मी सुचवलं, बाक काढून नवी फरशी घालण्याआधी एक रविवार नुसती मोकळी जागा ठेवून पाहू. लोक कुठे बसतात ते तरी कळेल. बाक सोडवून व्हरांड्यात ठेवले, खाली सतरंज्या अंथरल्या.

लोक पूर्वीच्याच जागी बसले. बाक नव्हते, पण रांगा होत्या. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, आणि मधली वाट कुणी न सांगता मोकळी. पाड्यावरून येणाऱ्या जिवलीमावशींना मी पुढे बोलावलं, तर त्या म्हणाल्या, ही माझी जागा हाय.

प्रदीपही दारातच. उंबरठ्याला उतार केला होता, वाट आता रुंद होती, तरी पास्टरांनी दोनदा बोलावल्यावर तो नुसता हसला. मला उलगडा होईना. गाणं संपल्यावर मी जवळ जाऊन विचारलं, चाक कुठे अडतंय का?

"चाक नाय अडत, ताई," तो म्हणाला. "सगली खाली बसलीत. मी मदी गेलो तर लोकं माझीच प्रार्थना करतील."

मी त्याच्या खुर्चीशेजारी खाली बसून पाहिलं. माझं डोकं त्याच्या कोपरापाशी आलं. बाक होते तेव्हा त्याला वाट नव्हती, पण सगळ्यांची डोकी त्याच्या डोक्याच्या पातळीत होती. माझ्या नकाशात हे दिसणं शक्यच नव्हतं. नकाशा वरून काढलेला असतो.

दीपाली आमच्याकडेच पाहत होती. ती उठली, व्हरांड्यात गेली आणि एका बाकाचं टोक धरून तो ओढत आणू लागली. मी दुसरं टोक धरलं. बाक तिने थेट मधल्या वाटेत आडवा ठेवला आणि टोकाला बसली.

"आता ये," ती प्रदीपला म्हणाली.

तो आला आणि त्याने खुर्ची तिच्या शेजारी लावली. जिवलीमावशी गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि आपली जागा सोडून त्याच बाकावर येऊन बसल्या. मागच्यांना पुढचं दिसेना, म्हणून ते इकडेतिकडे सरकले. दोन पुरुष बायकांच्या बाजूला गेले आणि तिथेच राहिले.

पुढचं गाणं सुरू झालं. प्रदीपचा आवाज एवढा मोठा आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. सूर यथातथाच. दीपालीने त्याला कोपराने ढोसलं. तो आणखी मोठ्याने गाऊ लागला.